घोड्यावरून पडल्यावर : हाड आधी जुळतं, मन मागून येतं

दरवर्षी आषाढी वारीच्या आधी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीकडे निघतात. माउलींच्या पालखी सोहळ्यातल्या रिंगणात धावतात ते हेच अश्व. सीमाभागाचं घोड्याशी असलेलं नातं असं जुनं आहे. लग्नाच्या वरातीत घोडा, जत्रेच्या गाडी शर्यतीत घोडा, सारंगखेड्याच्या बाजारात घोडा, आणि सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला गेलं की पोरांना फेरी मारायलाही घोडाच.

घोडा जिथे आहे तिथे कधीतरी पडणंही आलंच. बहुतेक वेळा माणूस कपडे झटकून उठतो आणि चारचौघांत हसून विषय संपतो. पण एखादं पडणं तसं नसतं. मणका दबतो, डोक्याला मार बसतो, पोटावर टाप पडते. चार-पाच सेकंदांत घडलेल्या गोष्टीचे परिणाम मग वर्ष-दीड वर्ष घरभर पसरतात.

अशा अपघातानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो : "प्लास्टर कधी निघणार?" प्लास्टर निघालं की माणूस बरा झाला, असा सगळ्यांचा समज. इथेच घोडं पेंड खातं. हाड, मेंदू आणि मन या तिघांची बरं होण्याची गती वेगवेगळी असते. हाडाचे आठवडे डॉक्टर सांगू शकतात. मेंदूचा अंदाज बांधता येतो. मनाला मात्र तारीख देता येत नाही. तिघांकडे स्वतंत्रपणे पाहावं लागतं, नाहीतर एक मागे राहिलं की बाकीची दोनही अडून बसतात.

हे पडणं वेगळं का असतं

मोटारसायकलवरून पडणं आणि घोड्यावरून पडणं यात मोठा फरक आहे. मध्यम उंचीच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण आठ फुटांवर असतं. घोड्याचं वजन चारशे ते पाचशे किलो. भरधाव निघालेला चांगला घोडा ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग गाठतो. म्हणजे उंची, वेग आणि वजन तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात.

शिवाय मोटारसायकल पडली की पडून राहते. घोडा पडल्यावर उठतो, बुजलेला असेल तर उधळतो, लाथ झाडतो. रिकिबीत पाय अडकला तर स्वार फरफटत जातो. घोडाच स्वारावर कोसळला तर छाती आणि कमरेचा सांगाडा चिरडला जाऊ शकतो. हात टेकून पडल्यास मनगट, खांदा किंवा कॉलर बोन मोडतं. बसक्या अवस्थेत आदळल्यास पाठ-कमरेच्या जोडावरचा मणका दबतो. डोकं आधी टेकलं तर मेंदू आणि मान दोन्ही धोक्यात येतात.

पहिला तास आणि एक जुना सल्ला

घोडेस्वारीत एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे : पडलास ना, मग लगेच परत बस, नाहीतर भीती बसेल. किरकोळ पडण्यापुरता तो ठीक आहे. पण डोकं आपटलं असेल, क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, पडलेला माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा "काय झालं?" हे पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्या दिवशी परत घोड्यावर बसणं बंद. मेंदूला मार बसल्याचा नुसता संशय असला तरी त्या दिवशी खेळात उतरायचं नाही, हा नियम आज अनेक खेळांत पाळला जातो. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा धक्का बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, पाय हलत नसतील, तर माणसाला उचलून बसवायचं नाही. दोघांनी काखेत हात घालून जीपमध्ये टाकणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यातच मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आधी एकाने घोडा धरून लांब न्यावा. दुसऱ्याने जखमीचं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरावं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहावं. श्वासाला अडथळा होत नसेल तर हेल्मेट काढू नये. पाणी, चहा काही देऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते.

१०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणातही चालतो. सीमेवरच्या गावातून फोन करताना गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही स्पष्ट सांगावेत. एकाच नावाची गावं दोन्ही राज्यांत सापडतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात.

न दिसणारा मार

मोडलेला हात सगळ्यांना दिसतो. पोटातली आणि डोक्यातली इजा दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

पोटावर लाथ बसली किंवा घोडा अंगावर पडला तर प्लीहा आणि यकृत यांना इजा होऊ शकते. वरून नुसता वळ दिसतो, माणूस चालतोही, आणि काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, आतला रक्तस्राव वाढतो. पोट कडक होणं, चक्कर येणं, घाम फुटून अंग गार पडणं, डाव्या खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखणं ही धोक्याची चिन्हं आहेत. खांदा दुखतोय म्हणून मलम चोळत बसायची ही वेळ नसते. प्लीहेतून रक्त येत असेल तरी दुखणं खांद्यात जाणवतं.

डोक्याच्या बाबतीत घरी आणल्यावरही पहिले एक-दोन दिवस कुणीतरी जवळ असायला हवं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट जागं न होणं, फिट येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दोन्ही बाहुल्या सारख्या न दिसणं, कान-नाकातून पाण्यासारखं येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठावं. वयस्कर माणसं आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे यांनी साधा मार लागला तरी तपासून घ्यावं. वयस्कर माणसांत मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठत जाऊन काही आठवड्यांनीही त्रास सुरू होतो.

सीटी स्कॅन चांगला आला म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही, असंही नाही. मेंदूला बसलेला हादरा स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. मग डोकं जड राहतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, माणूस चटकन चिडतो. घरच्यांना वाटतं, हा नाटक करतोय. बहुतेक प्रौढांचा हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काहींना महिने लागतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, त्यानंतर थोडं चालणं, थोडं काम, लक्षणं वाढली तर एक पायरी मागे, असं आता डॉक्टर सांगतात. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला मागे पडला आहे. गाडी चालवणं, शेतात यंत्रावर काम करणं हे मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

हाडांचं वेळापत्रक

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ही म्हण हाडाला तंतोतंत लागू पडते. साधारण हिशेब असा : मनगट आणि बरगड्या सहा आठवडे, कॉलर बोन सहा ते आठ आठवडे, दबलेला मणका आणि कमरेचा सांगाडा आठ ते बारा आठवडे, नडगीचं हाड तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त. हा हिशेब फक्त हाड सांधलं जाण्याचा. गेलेली ताकद परत यायला जवळजवळ तेवढाच काळ पुन्हा लागतो, कारण अंथरुणावर पडल्या पडल्या स्नायू पहिल्या आठवड्यातच झिजायला लागतात.

आपल्या भागात हाड मोडलं की हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधण्याची आणि तेल चोळण्याची जुनी सवय आहे. मणका, कमरेचा सांगाडा, खुबा किंवा सांध्याजवळची मोड असेल तर हा धोका पत्करू नये. घट्ट बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा थांबून हात-पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. आधी एक्स-रे, मग बाकी सगळं. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यावर बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना गोळीनेही थांबेना, तर सकाळची वाट पाहायची नाही.

हाड जुळायला प्रथिनं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. डाळ, अंडी, दूध, नाचणी, मासे यातलं जे घरात खाल्लं जातं ते नेमाने खावं. बिडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. तंबाखू आणि गुटख्यातही निकोटिन असतंच. भेटायला येणाऱ्याने खिशातली पुडी बाहेरच ठेवावी, हीच रुग्णाची मोठी सेवा.

फिजिओथेरपीकडे मात्र आपल्याकडे 'मालिश' म्हणूनच पाहिलं जातं. खरं तर ती शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची असते. पडून असतानाही घोटे वर-खाली हलवत राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पोटरी अचानक सुजली, एकाच पायात दुखू लागलं किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावं. बरगड्या मोडल्यावर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून दुखणं थांबवण्याची गोळी घेऊन दीर्घ श्वास घेणं आणि छातीला उशी धरून खोकणं शिकवतात. व्यायामाचा कागद इंग्रजीत मिळाला किंवा सांगणाऱ्याची कन्नड समजली नाही, तर लाजायचं कारण नाही. प्रत्येक व्यायाम एकदा समोर करून दाखवायला सांगावा आणि घरच्या कुणीतरी तो मोबाइलवर टिपून घ्यावा.

मज्जारज्जूला इजा झाली तर

घोड्याच्या अपघातानंतर काय होऊ शकतं, हे जगाला कळलं ते क्रिस्टोफर रीव्ह यांच्यामुळे. सिनेमात 'सुपरमॅन' झालेला हा अमेरिकन अभिनेता चांगला स्वार होता. २७ मे १९९५ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका स्पर्धेत त्यांचा घोडा अडथळ्यासमोर अचानक थांबला. रीव्ह पुढे फेकले गेले. हात लगामात अडकल्याने सावरता आलं नाही आणि ते डोक्यावर पडले. डोक्यावर हेल्मेट होतं, पण मानेचे वरचे दोन मणके मोडले. वयाच्या ४२ व्या वर्षी मानेखालचं सगळं शरीर निकामी झालं आणि श्वासही यंत्राने घ्यावा लागला.

जगावं की नाही, हा विचार सुरुवातीला त्यांच्या मनात येऊन गेला होता, हे त्यांनी स्वतः पुढे सांगितलं. पत्नी डेना यांनी तेव्हा त्यांना धीर दिला. पुढच्याच वर्षी ते चाकाच्या खुर्चीवरून ऑस्करच्या मंचावर आले. त्यांनी चित्रपट दिग्दर्शित केला, पुस्तक लिहिलं, मज्जारज्जूवरच्या संशोधनासाठी पैसा उभा केला. नेटाने व्यायाम चालू ठेवल्यावर काही वर्षांनी त्यांना एक बोट हलवता येऊ लागलं. ते पुन्हा चालले नाहीत. १० ऑक्टोबर २००४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अखेरच्या आजारपणाच्या मुळाशी अंथरुणाच्या जखमेतून झालेला संसर्ग होता.

या कहाणीत दोन धडे आहेत. सावरणं म्हणजे दरवेळी पूर्वीसारखं होणं नव्हे. काही वेळा आहे त्या शरीरात नवं आयुष्य उभं करणं हेच सावरणं असतं. दुसरा धडा अगदी व्यवहाराचा आहे. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही अंथरुणाच्या जखमेने घात केला. म्हणून पाय लुळे पडलेल्या माणसाला अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलून देणं, पाठ, माकडहाड आणि टाचा रोज पाहणं, कातडी लाल दिसली की त्या भागावरचा दाब काढणं, लघवीच्या नळीची स्वच्छता ठेवणं, ही कामं औषधाइतकी मोलाची आहेत. ती घरातल्या एकट्या बाईवर टाकू नयेत. पाळ्या लावाव्यात. सेवा करणारं माणूसही थकतं, त्यालाही झोप लागते.

मनाची दुखापत

आता तिसरं घड्याळ. अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत दचकून जाग येणं, पडतानाचा तो क्षण डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, टापांचा आवाज ऐकून छातीत धडधडणं, विनाकारण रडू येणं, हे सगळं स्वाभाविक आहे. मेंदू जिवावरचा प्रसंग विसरायला तयार नसतो, कारण तो पुन्हा घडू नये हे पाहणं त्याचं कामच आहे. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू आपोआप कमी होतो.

महिना उलटून गेला तरी तो कमी झाला नाही, तबेल्याच्या रस्त्यानेही जाणं टाळलं जाऊ लागलं, झोप उडाली, माणूस घरच्यांवर ओरडू लागला किंवा अगदी गप्प झाला, तर तो आजार समजावा आणि इलाज घ्यावा. आघातानंतरच्या या त्रासावर बोलून करायचे उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशक त्या आठवणीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवतो, 'चूक माझीच' किंवा 'आता सगळं संपलं' अशा विचारांची गाठ सोडवतो. गरज पडली तर गोळ्याही असतात. रात्रीची झोप यावी म्हणून दारूचा आधार घेणारे बरेच असतात. त्याने झोप बिघडते, भीती वाढते आणि हाडही उशिरा जुळतं.

आपल्याकडे अशा वेळी अंगारा लावतात, दृष्ट काढतात, नवस बोलतात. त्यातून घराला धीर मिळत असेल तर मिळू द्यावा. पण 'बाप्याने असं घाबरायचं का?' हे वाक्य घरातून हद्दपार करावं. तसंच आल्या-गेल्यासमोर 'सांग रे, कसा पडलास ते' म्हणून रोज तोच प्रसंग वदवून घेऊ नये. माणसाला बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकावं, नको वाटेल तेव्हा शेजारी नुसतं बसावं.

ज्यांचं पोटच घोड्यावर आहे त्यांची घुसमट आणखी वेगळी असते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, तिथे घोडा हे महत्त्वाचं वाहन आणि अनेक घरांची कमाई. वरातीला घोडा देणारा, शर्यतीचा स्वार, पर्यटकांना फेरी मारून आणणारा यांना भीती वाटते असं म्हणायचीही सोय नसते. पडल्यावर हप्ते थांबत नाहीत, घोड्याचा चाराही थांबत नाही. पैशाची काळजी आणि मनातली भीती एकमेकींत मिसळतात आणि माणूस अर्धवट बरा असतानाच परत खोगिरावर चढतो. असे घाईचे पुनरागमन पुढच्या अपघाताला आमंत्रण ठरतं.

मन मोकळं करायला माणूस नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र कधीही फोन करता येतो आणि मराठी, कन्नड, हिंदीसह अनेक भाषांत बोलता येतं. जीव नकोसा झाल्यासारखं कुणी बोललं तर ते वाक्य कधीही हलक्यात घेऊ नये. त्या माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी.

घोड्यावरचा राग

अपघातानंतर घरात एक वाद हमखास होतो : हा घोडा आता विकून टाका. कधी राग इतका असतो की त्याला मारलं जातं, उपाशी ठेवलं जातं. घोडा का बुजला हे कळलं तर हा राग बराच निवळतो, आणि भीतीही.

घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. वाघाशी लढायचं नाही, आधी पळायचं आणि मग विचार करायचा, ही त्याची हजारो पिढ्यांची शिकवण. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. फक्त बरोबर पाठीमागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप येणाऱ्याला लाथ बसते. उडणारी प्लास्टिकची पिशवी, अचानक उघडलेली छत्री, वरातीतला डीजे आणि पायात फुटलेला फटाका या सगळ्यांचा अर्थ त्याच्या लेखी एकच : पळ. ज्या वरातीत घोड्याच्या कानाशी स्पीकर लावतात, तिथे घोडा उधळला तर दोष घोड्याचा नसतो.

कधी कारण खोगिराखाली असतं. पाठीला झालेली जखम, सैल किंवा चुकीचा कसलेला तंग, निघालेली नाल, दुखरा दात. अपघातानंतर स्वाराइतकीच घोड्याचीही तपासणी पशुवैद्याकडून व्हायला हवी. कारण सापडलं तर 'घोडा वैरी झाला' ही भावना जाऊन तिथे 'अमुक गोष्ट दुरुस्त करायची आहे' हे काम येतं. मनाला कामाचा मोठा आधार असतो. कारण सापडलंच नाही आणि घोडा वारंवार उधळत असेल, तर तो जाणत्या हातात देणं दोघांच्याही हिताचं.

परत बसायचं असेल तर

परतीची वाट जमिनीवरून सुरू होते. हाडाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, जड वस्तू उचलताना दुखत नाही, एका पायावर तोल सांभाळता येतो, मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते, एवढं जमल्याशिवाय खोगिराचा विचारही करू नये.

त्यानंतरच्या पायऱ्या छोट्या ठेवाव्यात. पहिल्यांदा तबेल्यात जाऊन नुसतं दहा मिनिटं उभं राहायचं. मग घोड्याला गूळ, गवत भरवायचं. मग खरारा करायचा, दोरी धरून त्याला चालवायचं. या सगळ्याला छातीतली धडधड कमी झाली की शांत स्वभावाच्या, वयाने पोक्त घोड्यावर बसायचं, आणि जाणत्या माणसाने तो लांब दोरीवर गोलात फिरवायचा. आधी फक्त साधी चाल. ती कंटाळवाणी वाटायला लागली की मग दुडकी. भरधाव पळवणं सगळ्यात शेवटी. एका पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं; मध्येच पळ काढला तर भीती घट्ट होते, आणि दोन पायऱ्या एकदम चढल्या तरी तेच होतं. किती दिवस लागले हे कुणी मोजू नये.

सामानही नव्याने पाहावं. डोक्याला मार झेललेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतून फुटलेलं असू शकतं, ते बदलावंच लागतं. दुचाकीचं हेल्मेट घोडेस्वारीसाठी बनवलेलं नसतं. फेटा-पागोट्याने शोभा येते, कवटी वाचत नाही. टाच असलेले बूट घातले तर पाय रिकिबीतून आरपार जात नाही. छाती-पाठ सांभाळणारं जाकीट मिळतं, तेही वापरावं.

मुलांच्या बाबतीत घाई अजिबात नको. मेंदूच्या हादऱ्यातून सावरायला त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यांची भीती पोटदुखी, शाळेला नकार, अंथरूण ओलं होणं अशा रूपांत बाहेर येते. त्यांना परत बसवायचं की नाही हे त्यांच्या कलाने ठरवावं, बापाच्या हौसेने नव्हे.

आणि बसायचं नसेल तर

परत घोड्यावर न बसणं हा पराभव नाही. विचार करून घेतलेला तो निर्णय असेल तर त्याचाही मान राखावा. कुणी स्वारी सोडून घोडी सांभाळतो, शिंगरं वाढवतो, नव्या पोरांना शिकवतो. कुणी घोड्यांपासून कायमचा दूर जातो आणि सुखात राहतो. फरक फक्त एवढाच पाहावा, की निर्णय माणसाने घेतला आहे की भीतीने त्याच्यासाठी घेतला आहे.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय १९४४ मध्ये पोलिओने अधू झाले. घोड्यावर चढा-उतरायला त्यांना माणसांची मदत लागायची. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आणि पुन्हा १९५६ मध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. आज अनेक देशांत अपंग मुलांच्या तोल आणि स्नायूंच्या उपचारासाठी घोड्याची पाठ वापरतात, त्या चळवळीला त्यांच्या यशाने बळ मिळालं.

कागद सांभाळा

सीमाभागातला रुग्ण बेळगावात पडतो, शस्त्रक्रिया मिरज-कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीला होते आणि पुढची तपासणी पुन्हा तालुक्याला. यात कागद हरवतात. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, स्कॅनच्या फिल्म, शरीरात बसवलेल्या प्लेट-स्क्रूची माहिती, बिलं, सगळं एका फाइलीत आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावं. आयुष्मान कार्ड योजनेतल्या देशभरच्या रुग्णालयांत चालतं. राज्यांच्या स्वतंत्र योजनांच्या अटी वेगळ्या असतात, त्या दाखल होतानाच विचाराव्यात.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. १८ ते ७० वयोगटातल्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाखाचं संरक्षण त्यात आहे. अटी बँकेतून समजून घ्याव्यात. घोड्यावर पोट असलेल्या प्रत्येकाने हा विमा आज चालू आहे का, ते पासबुकात पाहावं. कायमचं अपंगत्व आलं तर केंद्राचं अपंगत्व ओळखपत्र काढावं. ते दोन्ही राज्यांत ग्राह्य धरलं जातं.

अपघाताला वर्ष होतं तेव्हा घरात चौकशी बंद झालेली असते. माणूस चालतो, कामाला जातो, म्हणून सगळे निश्चिंत असतात. नेमक्या त्याच सुमारास एकदा शांतपणे विचारावं : झोप लागते का? घोड्याचा आवाज ऐकून अजून काही होतं का? डोकं दुखतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं मनापासून 'बरं आहे' अशी येत असतील, तर तो बरा झाला असं म्हणायला हरकत नाही. येत नसतील, तर वर्ष उलटून गेलं तरी इलाजाची वेळ गेलेली नसते.